बिघाड झाला की आधी घड्याळ बघा

सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीवर बसले की मी पोरांच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघते. बिघाड मी मागून टाकते, समोर लाल दिवा लागतो, घंटा वाजायला लागते आणि बहुतेकांचा हात त्याच क्षणी कुठेतरी झेपावतो. कुठे, ते त्यालाही माहीत नसतं. त्या हाताला मी पहिल्या दिवसापासून एकच सांगते: मांडीवर बस.

हे नव्या को-पायलटसाठी लिहितेय. केबिन क्रूनेही वाचावं, कारण यातलं अर्धं त्यांच्याशिवाय होत नाही. मी एअरबस ए-३२० विमानावर कॅप्टन आहे आणि बरीच वर्षं शिकवतेही. कंपनीची पुस्तकं, विमानाची चेकलिस्ट, तुमच्याकडचे नियम यांचा मान पहिला. ती पुस्तकं कधी उघडायची आणि कधी मिटायची, एवढंच माझ्या पदरचं.

वेळ लिहून ठेवा

घंटा बंद केली की मी घड्याळ बघते आणि समोरच्या कागदावर पेन्सिलीने वेळ लिहिते. ०२:१४. बाकी काही नाही. लिहायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात श्वास जागेवर येतो. शिवाय अंगात भीती शिरली की मिनिटांचा हिशेब बिघडतो. तीन मिनिटं झाली असं वाटतं तेव्हा बारा झालेली असतात.

मग स्वतःला विचारा: या बिघाडात आपल्याला वेळ आहे का? वेळ नसलेले बिघाड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. न विझणारी आग किंवा कुठून येतोय ते न कळणारा धूर. केबिनमधला दाब जाणं. इंधन संपत येणं. विमान ऐकेनासं होणं. बाकी जवळपास प्रत्येक बिघाडात वेळ असतो, फक्त तो आहे हे त्या क्षणी पटत नाही. माझ्या बघण्यातल्या चुका दोनच जातीच्या: वेळ असताना घाई, आणि वेळ नसताना रेंगाळणं.

घाईचा धडा १९८९ सालच्या ८ जानेवारीचा. इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोइंग ७३७-४०० पडलं. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं होतं, विमान थरथरत होतं, कॉकपिटमध्ये धूर आला. वैमानिकांनी काही सेकंदांत दोष उजव्या इंजिनावर टाकला आणि नंतर ते बंद केलं. उजव्याची शक्ती कमी करताच थरथर आणि धूरही कमी झाला, म्हणून अंदाज बरोबर निघाला असंच त्यांना वाटलं. उतरताना डावं इंजिनही गेलं. ४७ माणसं गेली. इंजिनातला बिघाड भयंकर वाटतो खरा, पण उरलेल्या एका इंजिनावर विमान उडत राहतं. नीट बघायला त्यांच्याकडे वेळ होता.

रेंगाळण्याचा धडा १९७८ चा, पोर्टलंडचा. डीसी-८ विमानाचं चाक नीट बसलं की नाही कळेना, म्हणून विमान जवळपास तासभर विमानतळाभोवती फिरत राहिलं. चाकाचा विचार करता करता इंधन संपलं आणि विमान वस्तीत उतरलं. १० जण दगावले. चाकाच्या बिघाडाला वेळ होता, इंधनाला नव्हता, आणि दोन घड्याळं एकाच वेळी चालू आहेत हे कुणी मोठ्याने बोललं नाही. फ्लाइट इंजिनिअरने इंधनाचा विषय काढला होता, पण दबक्या आवाजात. कॉकपिटमध्ये एकमेकांशी कसं बोलावं याचं जे प्रशिक्षण आज आपण सगळे घेतो, त्याच्या मुळाशी हा अपघात आहे.

विमान कोण उडवतंय?

हे विचारायला हास्यास्पद वाटतं. १९७२ च्या २९ डिसेंबरला मायामीजवळ एका ट्रायस्टार विमानाच्या कॉकपिटमधले सगळे जण पुढच्या चाकाचा एक दिवा का लागत नाही ते बघण्यात गुंतले होते. तेवढ्यात ऑटोपायलटची उंची धरून ठेवण्याची सोय नकळत सुटली आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत शिरलं. शंभरावर माणसं गेली. दिव्याचा बल्ब जळाला होता.

म्हणून बिघाडानंतरचं माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "विमान आणि रेडिओ माझ्याकडे, चेकलिस्ट तुझ्याकडे." किंवा उलट. खूपदा उलटच बरं पडतं. को-पायलटला उडवू द्यावं, म्हणजे कॅप्टनचं डोकं विचाराला मोकळं राहतं. पण एकदा वाटणी झाली की उडवणाऱ्याने चेकलिस्टमध्ये डोकं घालायचं नाही. ऑटोपायलट चालत असेल तर चालू द्या. हाताने उडवून दाखवण्याची ही वेळ नव्हे.

तोंडपाठ असायला हव्यात त्या कृती मोजक्या असतात. त्या पाठ म्हणायच्या, बाकी सगळं वाचून करायचं. परत फिरवता येणार नाही अशा कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी, म्हणजे इंजिनाचा मास्टर स्विच, आगीचं बटण, झाकणाखालची बटणं, बोट ठेवून थांबायचं आणि नाव घेऊन विचारायचं: "इंजिन एक, मास्टर, बरोबर?" समोरच्याने तिकडे खरोखर बघून "बरोबर" म्हणेपर्यंत बोट हलवायचं नाही. न बघता "बरोबर" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी सिम्युलेटरमध्ये कधीकधी मुद्दाम चुकीच्या बटणावर बोट ठेवते.

मास्क, मग बाकी सगळं

दाब गेला तर वरचं सगळं विसरा. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय डोकं चालतं ते साधारण अर्धा ते एक मिनिट, आणि डोकं चालेनासं झालंय हे त्या डोक्याला कळत नाही. उलट मजेत वाटतं. म्हणून आधी मास्क, मग एकमेकांचा आवाज ऐकू येतोय का ते बघणं, मग खाली उतरणं. १०,००० फुटांवर, किंवा खाली डोंगर असतील तर त्यांच्या सुरक्षित उंचीवर. प्रवाशांचे मास्क केबिनमधली हवा सुमारे १४,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की आपोआप पडतात, आणि त्यांतला प्राणवायू बऱ्याच विमानांत पंधराएक मिनिटांपुरताच असतो.

२००५ साली लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या बोइंग ७३७ मध्ये दाबाचा स्विच हाताने चालवण्याच्या स्थितीत राहून गेला होता. वर चढताना भोंगा वाजला. तोच भोंगा जमिनीवर टेकऑफच्या चुकीच्या मांडणीसाठीही वाजतो, वैमानिकांना तेच वाटलं. १२१ जण गेले. वर चढताना न समजणारा भोंगा वाजला तर मास्क लावून मग विचार करा. नुसता भोंगा बिघडला असेल तर चेहऱ्यावर वळ उठेल, एवढंच.

केबिन क्रूने यात वेगळं काही करायचं नाही. हातातली ट्रॉली जागीच ब्रेक लावून सोडा, जवळचा मास्क ओढा, रिकामी सीट नसेल तर प्रवाशांच्या मध्ये घुसून बसा. आधी प्रवाशांना मदत करायला धावणारी मुलगी मिनिटाभरात स्वतःच मदतीची गरज असलेली प्रवासी होते.

ग्रीन गेलं त्या रात्री

आता माझी गोष्ट. ३६,००० फूट, जेवण आटोपलेलं, दिवे मंद केलेले. ०२:१४ ला ग्रीन हायड्रॉलिकच्या टाकीतलं तेल झपाट्याने उतरल्याची सूचना आली. ए-३२० मध्ये ग्रीन, ब्लू आणि यलो अशा तीन हायड्रॉलिक यंत्रणा असतात, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं, ब्रेक वगैरे हलवणाऱ्या. चेकलिस्टप्रमाणे पंप बंद केला, ग्रीन गेलं. विमान छान उडत होतं. आग नाही, धूर नाही, भरपूर इंधन. म्हणजे वेळ होता.

अशा वेळी चेकलिस्ट संपली की खूप जण मोकळा श्वास घेतात. खरं काम तिथून सुरू होतं. काय गेलं, त्यापेक्षा उतरताना काय नसणार त्याची यादी करायची. आमची यादी अशी होती: चाकं नेहमीसारखी उतरणार नाहीत, हाताने कळ फिरवून खाली सोडावी लागतील. फ्लॅप आणि स्लॅट, म्हणजे कमी वेगात उतरता यावं म्हणून पंखांतून बाहेर सरकणारे भाग, सावकाश सरकतील. नेहमीचे ब्रेक नाहीत, यलोवरचे आहेत. ऑटोब्रेक नाही. एका इंजिनाचं रिव्हर्स, म्हणजे उतरल्यावर झोत उलटा फिरवून वेग कमी करण्याची सोय, नाही. पुढचं चाक वळवता येणार नाही, म्हणजे थांबू तिथेच थांबू, आणि ती धावपट्टी आपल्यामुळे काही काळ बंद.

आम्ही जिथे चाललो होतो तिथे पाऊस, आडवा वारा आणि जेमतेम २,००० मीटरची पट्टी. मागे टाकून आलो होतो तिथे ३,४०० मीटर, कोरडी, वारा शांत, पण चाळीस मिनिटं उलटं जायचं. पुढचं मुक्काम जवळ होतं. तिथे कंपनीचे लोक होते, प्रवाशांची सोय होती, आणि 'आलोच आहोत तर जाऊ' हा मोह होता. या मोहाला मी कुठल्याही हायड्रॉलिक गळतीपेक्षा जास्त घाबरते.

विमानतळ निवडताना को-पायलटला आधी बोलायला लावा. कॅप्टनने एकदा "मला वाटतं परत जाऊ" म्हटलं की समोरच्याला तेच वाटायला लागतं. आपल्याकडे पक्की माहिती काय आहे, पर्याय कोणते, प्रत्येकात धोका काय, मग निर्णय, मग कोण काय करणार, आणि थोड्या वेळाने 'हे अजून बरोबर आहे ना' ही फेरतपासणी. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला फोर्डेक म्हणतात. युरोपातले पायलट सर्रास वापरतात. शेवटची पायरी सगळे खातात. आम्ही वळल्यावर दहा मिनिटांनी हवामान पुन्हा मागवलं.

लांबीचा हिशेब चेकलिस्टमधल्या तक्त्यावरून करा, मनातून नको. ओली पट्टी, कमी फ्लॅप, एकच रिव्हर्स हे सगळं धरून येणारा आकडा बघून पुष्कळांचे डोळे उघडतात.

आणि मुख्य गोष्ट चाकांची. कळ फिरवून सोडलेली चाकं ग्रीन नसताना परत वर घेता येत नाहीत. समजा ऐनवेळी पट्टीवर काही आलं आणि पुन्हा वर जावं लागलं, तर चाकं लोंबकळत जावं लागेल आणि इंधन कितीतरी जास्त जळेल. विमानाचा संगणक मात्र चाकं आत आहेत असं समजून इंधनाचा आकडा दाखवत राहतो. तो आकडा बघून निवांत राहू नका. म्हणून चाकं सोडण्याआधी स्वतःला विचारा: इथे उतरता आलं नाही तर चाकं खाली ठेवून कुठे पोहोचू? उत्तर तयार नसेल तर कळीला हात लावू नका. आमच्याकडे उत्तर होतं. त्याच विमानतळावर दुसरी पट्टी होती.

आग किंवा धूर असता तर यातलं काहीही केलं नसतं. एअरबसच्या पडद्यावर 'लँड एएसएपी' लाल अक्षरांत आलं तर जवळात जवळ सुरक्षित उतरता येईल तिथे जायचं, सोयी बघायच्या नाहीत. पिवळसर अक्षरांत आलं तर जवळच्या योग्य विमानतळाचा विचार करा. त्या वेळी 'योग्य' या शब्दावर थोडं थांबायला हरकत नाही.

कुणाला काय सांगायचं

कंट्रोलला, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांना, स्पष्ट सांगा. जीव धोक्यात असेल तर 'मेडे' तीनदा, तातडी असेल पण तेवढी नसेल तर 'पॅन पॅन' तीनदा, आणि रडारवर आपली ओळख दाखवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर ७७०० हा आणीबाणीचा आकडा. भीड बाळगू नका. नंतर धोका टळला तर मेडे मागे घेता येतो. १९९० च्या २५ जानेवारीला न्यूयॉर्कला जाणारं एक बोइंग ७०७ लांबवर घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण आणीबाणी हा शब्द उच्चारला नाही. कंट्रोलने त्याला इतरांसारखंच वागवलं. विमान कोसळलं, ७३ जण गेले. सभ्यपणे बोलायची सवय चांगली, पण अशा वेळी ठरलेले शब्दच वापरावेत.

कंट्रोलवाले मग प्रश्न विचारतील: किती जीव आहेत, इंधन किती मिनिटांचं, घातक माल काही. ते त्यांचं काम करतात. तुम्ही चेकलिस्टमध्ये असाल तर "स्टँडबाय" हे पूर्ण उत्तर आहे.

केबिनच्या बाबतीत त्या रात्री मी चुकले. ०२:१७ ला पर्सरला, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाला, फोन करून मी म्हटलं, "ताई, थोडा तांत्रिक विषय आहे, विशेष काही नाही, सांगते नंतर." ती वयाने आणि अनुभवानेही मोठी. विमान वळल्याचं तिला खिडकीतून दिसलेल्या चंद्रामुळे कळलं. चंद्र या बाजूचा त्या बाजूला गेला. तोवर दोन प्रवाशांनी तिला विचारून झालं होतं आणि ती "तसं काही नाही" म्हणून बसली होती. नंतर ती मला म्हणाली, "कॅप्टन, मला खोटं पाडलंत." बरोबर होतं तिचं.

सांगायची पद्धत सोपी आहे, चार गोष्टी याच क्रमाने: काय झालंय, काय करणार आहोत, किती वेळ आहे, खास सूचना काय. इंग्रजीत याला निट्स म्हणतात. सांगून झालं की पर्सरने ते परत म्हणून दाखवायचं. वेळ सांगताना "लवकरच" म्हणू नका, "अडतीस मिनिटं" म्हणा, आणि तिच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घ्या. अडतीस मिनिटांत केबिन नीट तयार करता येते. आठ मिनिटांत फक्त ट्रॉल्या बंद करून बसता येतं. विमान आपटण्याची शक्यता आहे की साधंच लँडिंग, हेही नक्की सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्या सगळ्यांना गुडघ्यात डोकं घालायला लावतील.

आणि उलट दिशेनेही. केगवर्थच्या त्या विमानात कॅप्टनने उजव्या इंजिनात बिघाड असल्याचं माइकवर सांगितलं. मागे बसलेल्या कित्येकांना डाव्या इंजिनातून ज्वाळा दिसत होत्या. कुणी बोललं नाही. म्हणून माझ्या क्रूला मी उड्डाणाआधी सांगते: मी जे बोलतेय आणि तुम्हाला जे दिसतंय ते जुळत नसेल तर फोन करा. मी चिडले तरी चालेल, करा.

केबिनमध्ये मोबाइल किंवा पॉवर बँक पेटली तर आधी हॅलॉनच्या अग्निशामक नळकांड्याने ज्वाळा मारा, मग पाणी ओता, भरपूर, नसेल तर अल्कोहोल नसलेलं काहीही. बॅटरी आतून तापत राहते आणि पुन्हा पेटते. ती फक्त थंड झाल्यानेच शांत होते. हाताने उचलू नका, बर्फाने झाकू नका. आणि कॉकपिटला सांगताना "थोडा धूर आहे" न म्हणता कुठे, कोणत्या रंगाचा, वाढतोय की कमी होतोय, ते सांगा.

प्रवाशांशी कॅप्टनने स्वतः बोलावं, एकदाच, छोटं. मी म्हणते: "विमानाच्या एका यंत्रणेत बिघाड झालाय. विमान आमच्या ताब्यात आहे. चाकं आणि ब्रेक यांसाठी लांब धावपट्टी हवी, म्हणून आपण मागे वळलोय. चाळीस मिनिटांत उतरू. चाकं उघडताना नेहमीपेक्षा मोठा आवाज येईल, तो अपेक्षित आहे." शेवटचं वाक्य विसरू नका. को-पायलटने कळ तीन वेळा फिरवली, धाड धाड आवाज आले, आणि चाकांचे दरवाजे उघडेच राहिल्यामुळे वाऱ्याचा घुमणारा आवाज उतरेपर्यंत चालू होता. सांगून ठेवलं नसतं तर केबिनमध्ये रडारड झाली असती.

थांबल्यावर

विमान थांबलं की पुन्हा तोच प्रश्न: वेळ आहे का? १९८० साली रियाधमध्ये मालाच्या कप्प्यात आग लागलेलं ट्रायस्टार सुखरूप उतरलं. पण ते पट्टीवर तातडीने थांबलं नाही, आणि थांबल्यावरही तीन मिनिटांहून जास्त वेळ इंजिनं चालू होती. इंजिनं चालू असताना लोकांना सुरक्षित बाहेर काढता येत नाही. ३०१ पैकी कुणी वाचलं नाही. आग असेल तर ब्रेक दाबून जागेवर थांबा, पार्किंग ब्रेक, इंजिनं बंद, हुकूम द्या.

उलट टोक २०१० च्या नोव्हेंबरचं. सिंगापूरहून निघालेल्या ए-३८० चं एक इंजिन फुटलं. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि सहकाऱ्यांनी पन्नासेक मिनिटं सूचनांच्या डोंगराशी झगडून विमान परत आणलं. खाली इंधन गळत होतं, ब्रेक तापलेले होते, एक इंजिन बंदच होईना. तरी त्यांनी घसरगुंड्या उघडल्या नाहीत. अग्निशामक दलाला फेस मारायला लावून ४६९ जणांना आतच थांबवलं आणि मग जिन्याने उतरवलं. कुणालाही इजा झाली नाही. घसरगुंडीवरून उतरताना हातपाय मोडतात, आणि खाली गळतं इंधन असेल तर लोकांना त्यातच उतरवण्यासारखं होतं. आत आग नसेल तर आतली जागा बाहेरच्यापेक्षा बरी असू शकते.

पण दार उघडायचं ठरलं तर मग सामान नाही. २०२४ च्या २ जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या ए-३५० मधून सगळे ३७९ जण बाहेर आले. माइक बंद पडला होता, क्रूने हातातल्या मेगाफोनवरून ओरडून काम केलं, आणि आठ दारांपैकी तीनच वापरता आली. दार उघडण्याआधी खिडकीतून बाहेर बघितलं म्हणून हे जमलं.

आमच्या रात्री काही पेटलं नाही. ०३:०९ ला थांबलो, टोइंगची गाडी येईपर्यंत पट्टीवरच बसलो. तापलेल्या चाकांकडे जमिनीवरच्या लोकांना समोरून किंवा मागून जायला सांगा, बाजूने कधीच नाही. कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग जपायचं असेल तर कंपनीच्या नियमाप्रमाणे त्याचा ब्रेकर ओढून ठेवा, नाहीतर जुनं पुसत जातं. लॉगबुकमध्ये जे दिसलं ते लिहा, कारण शोधायचं काम इंजिनिअरचं. आणि त्याच क्रूने लगेच दुसरं विमान घेऊन निघू नये. ड्यूटीचे तास शिल्लक असले तरी. हात तासाभराने थरथरायला लागतात.

रिपोर्ट लिहिताना तो पेन्सिलीचा कागद समोर ठेवा. माझ्या कागदावर ०२:१४ बिघाड, ०२:२८ निर्णय, ०२:३१ केबिनला सांगितलं, असं आहे. ०२:१७ चा फोन मी कागदावर लिहिलाच नव्हता. रिपोर्टमध्ये तो लिहिला, आणि मधली चौदा मिनिटंही.